धानाच्या बांधीतील पाणनिवळी : ओळख, जीवनक्रम व तुडतुड्यांशी संबंध

रोवणी आटोपून पंधरा-वीस दिवस झाले की सकाळी धुऱ्यावर उभे राहून बांधीतील पाण्याकडे पाहावे. धानाच्या ओळींमधल्या मोकळ्या पाण्यावर लांब पायांचे काळपट कीटक झरझर पुढे जातात, थांबतात, पुन्हा सरकतात. आपली सावली पाण्यावर पडली की क्षणात पांगतात. लहानपणी विहिरीच्या काठाशी किंवा तलावाच्या घाटावर यांना पकडण्याचा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी खेळलेला आहे, आणि हाती काही लागलेले नाही. हीच पाणनिवळी. काही ठिकाणी नुसते निवळी म्हणतात. गढूळ पाणी निवळण्यासाठी ज्याच्या बिया उगाळून घालतात ते निवळीचे झाड वेगळे, त्याचा या कीटकाशी संबंध नाही.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या धानपट्ट्यातील शेतकरी बंधू-भगिनींना ही पाणनिवळी रोज दिसते, परंतु ती बांधीत काय करते याचा विचार सहसा होत नाही. पुष्कळजण तिला पाण्यातील कोळी समजतात. काहीजण तर ती धानाला नुकसान करते असे समजून, पाण्यावर जास्त दिसू लागली की औषध काढतात. पाणनिवळी धानाच्या पिकाला कोणत्याही प्रकारे खात नाही. तिचे सारे खाणे पाण्यावर पडणाऱ्या किडी हे आहे, आणि धानाच्या बांधीत पाण्यावर सर्वांत जास्त पडणारी कीड म्हणजे तपकिरी तुडतुडे. एवढ्या एका कारणासाठी तिची नीट ओळख करून घेणे आपल्या फायद्याचे आहे.

ओळख

पाणनिवळी ढेकणाच्या वर्गातील कीटक आहे. कोळ्याला आठ पाय असतात, हिला सहा. पण पुढचे दोन पाय आखूड असल्याने ते तोंडाखाली दुमडलेले असतात व दुरून चारच पाय दिसतात. आपल्याकडील बांध्यांमध्ये व बोड्यांमध्ये आढळणाऱ्या मोठ्या जातीचे शास्त्रीय नाव लिम्नोगोनस फोसॅरम असे आहे. शरीर साधारण 1 सेंटिमीटर लांब, सडपातळ व काळपट असते, आणि मधले व मागचे पाय शरीराहून बरेच लांब असतात.

तिच्याच गोत्यातील दुसरा एक कीटक याहून महत्त्वाचा आहे, परंतु तो लक्षात येत नाही, कारण त्याची लांबी जेमतेम दीड ते दोन मिलिमीटर. धानाच्या बुंध्याशी पाण्यावर मोहरीएवढे काळे-करडे ठिपके घोळक्याने पळताना दिसतात ते हेच. शास्त्रीय भाषेत यास मायक्रोव्हेलिया म्हणतात. आपण सोयीसाठी बारीक पाणढेकूण म्हणू. हा पाय वल्ह्यासारखे मारत नाही, मुंगीसारखा पाण्यावर चालतो. नुसत्या ओल्या चिखलावरही तो राहू शकतो, ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे म्हणून लक्षात ठेवावी.

पाण्यावर उभी कशी राहते?

घरी एक प्रयोग करून पाहावा. परातीत स्वच्छ पाणी घ्या. शिवणाची सुई बोटांमध्ये फिरवून तिला डोक्याचे तेल लागू द्या आणि कागदाच्या कपट्यावर ठेवून अलगद पाण्यावर सोडा. कागद भिजून खाली जाईल, सुई वर राहील. लोखंड पाण्यापेक्षा जड असूनही सुई बुडत नाही, कारण पाण्याच्या वरच्या थराला ताणलेल्या पडद्यासारखा एक ताण असतो. सुईखाली पाणी किंचित खोलगट झालेलेही दिसते. आता बोटाला साबण लावून परातीच्या कडेला पाण्यात बुडवा. सुई तत्काळ तळाला जाते. साबणाने तो ताण ढिला झाला.

पाणनिवळी याच ताणावर उभी असते. तिच्या पायांवर डोळ्यांना न दिसणारी अतिशय बारीक, दाट लव असते व त्या लवेत हवा अडकून राहते, त्यामुळे पाय भिजत नाहीत. चीनमधील शास्त्रज्ञ गाओ व जियांग यांनी 2004 साली याची मोजणी प्रसिद्ध केली. लवेच्या प्रत्येक केसावर आणखी सूक्ष्म खाचा असतात आणि एकच पाय कीटकाच्या संपूर्ण वजनाच्या सुमारे 15 पट भार पाण्याचा पडदा न फाटता पेलू शकतो, असे त्यांना आढळले. पावसाचा टपोरा थेंब अंगावर पडून ती क्षणभर पाण्याखाली गेली तरी अंगावरील लवेतील हवेमुळे पुन्हा वर येते.

निसर्गाची आणखी एक काळजी पाहण्यासारखी आहे. इतर किड्यांची नखे पायाच्या टोकाला असतात. पाणनिवळीची नखे टोकाच्या थोडी अलीकडे, वरच्या बाजूला असतात. टोकाला असती तर पाण्याचा पडदा टोचून फाटला असता.

चालण्यासाठी मधले दोन पाय वल्ह्याप्रमाणे एकाच वेळी मागे ओढले जातात व मागचे पाय दिशा धरतात. लाटा मागे ढकलून ती पुढे जाते असे पूर्वी मानले जाई. मग पिल्लांचे काय, हा प्रश्न मात्र सुटत नव्हता, कारण त्यांचे पाय लाटा उठवण्याइतक्या वेगाने हलतच नाहीत, तरीही ती पळतात. अमेरिकेतील हू, चॅन व बुश या तिघांनी 2003 मध्ये रंग टाकलेल्या पाण्यात निरीक्षण करून दाखवले की पायाच्या फटक्याने पाण्याखाली लहान भोवरे तयार होऊन मागे जातात व त्यांच्या जोरावर कीटक पुढे सरकतो. नावाडी वल्हे मारतो तेव्हाही पाण्यात तसेच भोवरे उठतात.

शिकार

पाणनिवळीला पाणी हे डोळ्यांइतकेच कामाला येते. पाण्यावर एखादा किडा पडून फडफडू लागला की त्याच्या बारीक लहरी सर्व बाजूंना पसरतात. पायांतील संवेदनशील भागांमुळे या लहरी कोणत्या दिशेने आल्या ते तिला कळते आणि ती नेमकी तेथे पोहोचते. पुढच्या आखूड पायांनी भक्ष्य धरते, सोंड खुपसते, आत लाळ सोडते व विरघळलेला रस शोषून घेते. मागे राहते ते रिकामे टरफल. सकाळी पाण्यावर तुडतुड्यांची अशी पोकळ, पांढुरकी टरफले तरंगताना दिसतात. त्यात तुडतुड्यांनी टाकलेली कातही पुष्कळ असते, तेव्हा सारीच शिकार समजू नये.

लहरींचा उपयोग बोलण्यासाठीही होतो. स्टिम्सन विल्कॉक्स या संशोधकाने 1970 च्या दशकात दाखवून दिले की काही जातींचे नर पाय हलवून ठरावीक वेगाच्या लहरी काढतात आणि त्यावरून नर-मादी एकमेकांस ओळखतात. एका अमेरिकन जातीत हा वेग सेकंदाला 80 ते 90 लहरी इतका असतो. आपल्या बांधीत सकाळी शांत पाण्यावर ज्या नक्षीसारख्या बारीक लाटा दिसतात, त्यांतील काही अशा असू शकतात.

भूक लागली व भक्ष्य कमी पडले तर मोठ्या निवळ्या पिल्लांनाही खातात. मित्रकीटक म्हणून त्यांच्याबद्दल फार हळवे होण्याचे कारण नाही!

जीवनक्रम

अंडी, पिल्लू व प्रौढ अशा तीन अवस्था असतात. कोषावस्था नसते. पिल्ले पाच वेळा कात टाकतात आणि दिसायला मोठ्यांसारखीच, फक्त लहान व बिनपंखांची असतात. बांधीतील पाणनिवळी धानाच्या खोडात, पाण्याच्या पातळीच्या थोडे वर 10 ते 30 अंडी घालते व प्रौढावस्थेत महिना-दीड महिना जगते. बारीक पाणढेकणाची मादी त्याच प्रकारे 20 ते 30 अंडी घालते. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 1987 साली धानातील मित्रकीटकांवर प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत मोठी पाणनिवळी दिवसाला 5 ते 10 आणि बारीक पाणढेकूण 4 ते 7 तुडतुडे खातो असे दिले आहे. एवढासा पाणढेकूण मोठ्या निवळीच्या जवळपास खातो याचे आश्चर्य वाटेल. पण तो तुडतुड्यांची नुकतीच निघालेली लहान पिल्ले धरतो, आणि मोठे भक्ष्य असेल तर चार-सहा मिळून त्यावर तुटून पडतात.

यांच्यात काही पंखांचे व काही बिनपंखांचे असतात. पाणी कायम टिकणाऱ्या जागी बिनपंखी कीटक चालून जातात. जेथे पाणी आटते तेथून उडून जाण्यासाठी पंख लागतात. उन्हाळ्यात बांध्या भेगाळतात तेव्हा पाणनिवळ्या कोठे असतात? ज्या बोडीत, तलावात, नाल्याच्या डोहात पाणी उरले आहे तेथे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले आपल्या भागातील मामा तलाव ओलितासाठी प्रसिद्ध आहेत. रोवणीनंतर बांधीत येणाऱ्या निवळ्यांचे बेणेही तेथेच उन्हाळा काढते. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश ओळखून पंखवाले कीटक नवे पाणी शोधतात, त्यामुळे प्लॅस्टिक अंथरलेल्या नव्या शेततळ्यातही कोणी आणून न सोडता त्या हजर होतात.

तुडतुड्यांचा हिशेब

तपकिरी तुडतुडे धानाच्या बुंध्याशी, पाण्यापासून थोड्याच अंतरावर बसून रस शोषतात. मादी अंडी पानाच्या आवरणाच्या आत घालते. आठवडाभरात पिल्ले निघतात. वारा, पाऊस, आपसातील गर्दी किंवा माणसाच्या चालण्याने ती सारखी पाण्यात पडत असतात. पडलेला तुडतुडा उडी मारून पुन्हा बुंध्यावर चढतो, म्हणून नुसते पाण्यात पडणे त्याला मारत नाही. पण पाण्यावर निवळ्या व पाणढेकूण असतील तर परत चढण्यापूर्वीच त्यातील बरेच धरले जातात. बुंध्यावर लांडगा कोळी व अंडी शोषणारा हिरवा मिरीड ढेकूण काम करीत असतो आणि पाण्यावर हे दोघे. अशी ही दोन मजली पहारेदारी आहे.

आता फवारणीचे पाहू. आपण शेंड्यावरून धुरळल्यासारखी फवारणी करतो. औषध वरच्या पानांवर आणि तेथून पाण्यावर पडते. बुंध्याशी दडलेल्या तुडतुड्यांपर्यंत थोडेच पोहोचते व आवरणातील अंड्यांना तर ते लागतच नाही. मात्र उघड्या पाण्यावर फिरणाऱ्या निवळ्या, पाणढेकूण व कोळी सर्वांत आधी मरतात. आठ-दहा दिवसांत अंड्यांतून नवी पिल्ले निघतात तेव्हा त्यांना खाणारे कोणीच शिल्लक नसते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधांनी तर तुडतुड्यांचा पुन्हा उद्रेक होतो, हे अनेक देशांतील प्रयोगांत दिसून आले आहे. शेतकरी म्हणतो, औषध नकली निघाले. औषध नकली असेलही, परंतु बहुधा ते खरेच असते, फक्त भलत्याला लागलेले असते.

ही नुसती तात्त्विक गोष्ट नाही. केरळातील कुट्टनाड भागात 1973-74 मध्ये तपकिरी तुडतुड्यांनी हजारो हेक्टर धान जाळून टाकले. इंडोनेशियात सत्तरच्या दशकात अनुदानावरील कीटकनाशकांचा वारेमाप वापर झाला आणि तुडतुडे आटोक्यात येण्याऐवजी वाढत गेले. अखेर नोव्हेंबर 1986 मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी धानावरील 57 कीटकनाशकांवर एकाच आदेशाने बंदी घातली व पुढे अनुदानही काढून घेतले. धानाचे उत्पादन घटले नाही, उलट वाढले. गावोगाव शेतकऱ्यांच्या शेतावरील शाळा भरवून त्यांना प्रथम बांधीतील कोळी व निवळ्या ओळखण्यास शिकवण्यात आले, औषधाचे नाव नंतर.

एक साधी चाचणी

रोवणीनंतर महिन्याभराने, सकाळी ऊन चढण्यापूर्वी, आपली सावली पाण्यावर न पडेल अशा बाजूने बांधीत उतरा व पाणी शांत होईपर्यंत स्तब्ध उभे राहा. हाताशी असलेला एक चूड बुंध्याशी धरून दोन-तीन थपडा मारा. तुडतुडे असतील तर पाण्यावर पडतील. ते मोजा, आणि मोजून झाल्यावर लगेच निघू नका. मिनिटभर पाहा. बाजूने निवळ्या सरकत येतात का, मोहरीएवढे ठिपके तुडतुड्यांवर चढतात का, की सारे तुडतुडे आरामात पुन्हा बुंध्यावर जाऊन बसतात? बांधीच्या निरनिराळ्या भागांत असे 20 चूड तपासा. कागदावर दोन रकाने करावेत : तुडतुडे व मित्रकीटक.

सर्वसाधारणपणे प्रति चूड 10 तुडतुडे ही उपाय योजण्याची पातळी समजली जाते. तामिळनाडूच्या शिफारशीत एक बारकावा आहे. कोळी नसतील तर प्रति फुटवा 1 तुडतुडा आणि प्रति चूड एक कोळी असेल तर प्रति फुटवा 2 तुडतुडे, अशी तेथे पातळी धरतात. म्हणजे मित्रकीटक असताना दुप्पट तुडतुड्यांपर्यंत थांबता येते. पाणनिवळ्यांसाठी असा स्वतंत्र आकडा ठरवलेला नाही, परंतु थपडा मारल्यावर पाण्यावर झुंबड उडत असेल तर घाई न करता तीन-चार दिवसांनी पुन्हा तपासावे, असे माझे मत आहे. पाणी निर्जीव असेल तर मात्र थांबू नये.

पाणी काढावे की ठेवावे?

येथे शेतकऱ्याच्या मनात रास्त शंका येते. तुडतुडे वाढले की बांधीतील पाणी तीन-चार दिवस काढून टाकावे अशी शिफारस आपण वर्षानुवर्षे करीत आलो आहोत. मग निवळ्यांचे काय?

शिफारस बरोबर आहे. पाणी काढल्याने बुंध्याशी असलेला दमटपणा कमी होतो व तुडतुड्यांची वाढ मंदावते. तुडतुडे पातळीच्या जवळ आले असतील तर पाणी काढावेच. मोठ्या निवळ्यांतील पंखवाल्या शेजारच्या पाण्याकडे जातात. बारीक पाणढेकूण चिखल ओला असेपर्यंत टिकून राहतो, खायला न मिळताही बरेच दिवस काढतो. म्हणून पाणी काढताना बांधी भेगाळेपर्यंत वाळवू नये, चिखल बोटाला लागेल इतकी ओल ठेवावी. बांधीच्या सखल कोपऱ्यात हातभर रुंदीचा चर ठेवून त्यात पाणी राहू दिले तर निवळ्या तेथे गोळा होतात व पाणी पुन्हा भरताच पसरतात. याला खर्च काही नाही, कुदळीचे अर्ध्या तासाचे काम आहे.

पट्टा पद्धतीने रोवणी करून मध्ये 30 ते 45 सेंटिमीटरची मोकळी जागा सोडली तर हवा खेळते आणि निवळ्यांना फिरण्यास उघडे पाणीही मिळते. दाट रोवणीत व नत्राची मात्रा जास्त झालेल्या गर्द धानात दोन्ही गोष्टी नाहीशा होतात, आणि नेमके तेथेच तुडतुड्यांचे चट्टे पडतात.

औषध घ्यावेच लागले तर

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ढगाळ, दमट हवा राहिली व तुडतुडे पातळीच्या वर गेले तर फवारणीला पर्याय नसतो. अशा वेळी मित्रकीटकांना तुलनेने कमी बाधक असणारी, उदाहरणार्थ बुप्रोफेझिन किंवा पायमेट्रोझिनसारखी औषधे निवडावीत. मात्रेसाठी त्या हंगामातील शिफारस जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडून घ्यावी, दुकानदाराकडून नव्हे. पायरेथ्रॉइड गटातील औषधे व तशी मिश्रणे धानावर टाळावीत. फोरेट दाणेदारवर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे, घरात जुनी पिशवी उरली असेल तरी ती बांधीत टाकू नये. सुरुवातीच्या अवस्थेत मेटारायझियम बुरशीची फवारणी करता येते, तीस दमट हवा मानवते. फवारा बुंध्यावर बसेल असा नोझल खाली धरावा. चट्टा दिसला असेल तर चट्टा व त्याभोवतालचा भाग फवारावा, शक्य तर संपूर्ण बांधी नको. न फवारलेल्या भागातून निवळ्या पुन्हा येतात.

पाण्यावर रॉकेल टाकून त्यावर चूड झटकण्याचा जुना उपाय काही वडीलधारे अजून सांगतात. त्याने तुडतुडे मरतात हे खरे. पण तेलाच्या तवंगात निवळीच्या पायांवरील व अंगावरील लव निकामी होते व तीही मरते. पंधरा दिवसांनी पुन्हा तुडतुडे आले तर हिशेब तोट्याचा ठरतो.

राहता राहिली बोडी. फवारणी झाल्यावर पंप बोडीच्या काठाशी धुण्याची सवय सर्वत्र आहे. मी स्वतः एका गावी पाहिले, ज्या कोपऱ्यात पंप धुतले जात तेथे पाण्यावर एकही निवळी नव्हती आणि समोरच्या काठाला पुष्कळ होत्या. पंपात उरलेले औषध तर विषारी असतेच, शिवाय औषध पानावर पसरावे व चिकटावे म्हणून मिसळलेला द्रव परातीतल्या साबणासारखेच काम करतो. उन्हाळ्याचे बेणे जेथे राहते त्याच पाण्यात आपण हे धुऊन टाकतो, आणि त्याच पाण्यावर जनावरेही येतात. पंप, बादली व मोजमापाचे झाकण बोडीपासून दूर, पडीक जागी खड्डा करून तेथे धुवावे. बोडी जलकुंभीने पूर्ण झाकली गेली असेल तर उन्हाळ्यापूर्वी निदान निम्मे पाणी उघडे करावे, कारण निवळ्यांना मोकळा पृष्ठभाग लागतो. काढलेली जलकुंभी काठावर न टाकता शेणखताच्या खड्ड्यात टाकावी. काठावर टाकली तर पहिल्या पावसात ती परत पाण्यात येते.

डासांबाबत पुष्कळजण विचारतात म्हणून सांगतो. पाणनिवळ्या पाण्यावर येणारे डास व त्यांच्या अळ्या धरतात, परंतु तेवढ्याने गावातील डास आटोक्यात येत नाहीत. घराजवळच्या टाक्या व हौद आठवड्यातून एकदा कोरडे करणे सुरूच ठेवावे, आणि वापरात नसलेल्या विहिरीत गप्पी मासे सोडावेत.